माशांनी युरिया जमिनीसाठी बनवला नव्हता

अन्न जाळलं की साखर आणि चरबीतून उरतं कार्बन डायऑक्साइड आणि पाणी. दोन्हींची विल्हेवाट सोपी. प्रथिनांचं तसं नसतं. प्रत्येक अमिनो आम्लाला नायट्रोजनचा किमान एक गट चिकटलेला असतो. तो जाळता येत नाही आणि चरबीसारखा साठवूनही ठेवता येत नाही. शरीराला तो सोडवून वेगळा करावा लागतो, आणि सोडवला की हातात येतो अमोनिया.

या अमोनियाचं पुढे काय करायचं, यावर शाळेच्या पुस्तकात एक तक्ता असतो. मासे अमोनियाच बाहेर टाकतात, सस्तन प्राणी आणि प्रौढ बेडूक युरिया करतात, पक्षी आणि सरडे युरिक आम्ल. तक्ता ढोबळमानाने बरोबर आहे. पण त्यावरून मनात जी गोष्ट तयार होते ती चुकीची: प्राणी पाण्यातून जमिनीवर आले, पाणी तुटपुंजं झालं, म्हणून त्यांनी युरिया बनवायची नवी यंत्रणा उभी केली. प्रत्यक्षात ती यंत्रणा जमिनीवर पहिलं पाऊल पडण्याच्या कितीतरी आधीपासून माशांकडे होती. बहुतेक ठिकाणी तिचं काम कचरा उचलण्याचं नव्हतंच.

अमोनियाचा त्रास नेमका काय

पाण्यात अमोनिया दोन रूपांत असतो. एक साधा अमोनिया, जो पेशींच्या पटलातून सहज आत-बाहेर करतो. दुसरं त्याला एक प्रोटॉन चिकटून झालेलं अमोनियम, ज्यावर धन प्रभार असतो आणि जे पटलातून आपोआप जाऊ शकत नाही. कुठलं रूप किती, हे पाण्याचा सामू ठरवतो. २५ अंश सेल्सिअसच्या गोड्या पाण्यात सामू ७ असेल तर एकूण अमोनियापैकी साध्या रूपात जेमतेम ०.६ टक्के असतो. सामू ८ ला ५.४ टक्के, ९ ला ३६ टक्के, आणि १० ला जवळजवळ ८५ टक्के. मत्स्यटाकीतल्या पाण्याची नेहमीची चाचणी दोन्ही रूपांची बेरीज दाखवते. म्हणून चाचणीचा तोच आकडा सामू ७ ला चालून जातो आणि ८.५ ला मासे मारतो. मधल्या दीड अंकात विषारी रूपाचं प्रमाण पंचवीस पटींहून जास्त वाढलेलं असतं. टाकीत अमोनिया मोजून सामू न मोजणं म्हणजे अर्धीच चाचणी करणं.

शरीरात शिरल्यावर मात्र खरा उपद्रव अमोनियम करतं. त्याचा आकार आणि प्रभार पोटॅशियमसारखा असल्यामुळे पोटॅशियमच्या वाटा ते अडवतं किंवा त्यातूनच आत घुसतं, आणि चेतापेशींचा विद्युत समतोल ढळतो. मेंदूतल्या तारकापेशी हा अमोनिया ग्लुटामेटला जोडून त्याचं ग्लुटामीन करतात. हा बचाव फार वेळ चालला तर साठलेलं ग्लुटामीन पाणी ओढतं आणि पेशी फुगतात. माशाला झटके येतात ते यातूनच.

आता हिशेब पाहू. एक ग्रॅम नायट्रोजन अमोनियाच्या रूपात निर्धोकपणे बाहेर टाकायचा तर साधारण ५०० मिलीलिटर पाणी लागतं. युरिया केला तर ५०, युरिक आम्ल केलं तर १०. पण युरिया फुकट होत नाही. त्याचा एक रेणू बनवताना एटीपीचे, म्हणजे पेशीच्या ऊर्जा-चलनाचे, चार उच्च-ऊर्जा बंध खर्ची पडतात. चोवीस तास पाण्यात पोहणाऱ्या प्राण्याने हा खर्च का करावा? बहुतेक मासे करतही नाहीत. त्यांच्या कल्ल्यांतून अमोनिया थेट निघून जातो.

हे निघून जाणंही वाटतं तितकं निष्क्रिय नाही. अमोनिया पटलातून आपोआप झिरपतो, असं बराच काळ धरून चाललेलं होतं. २००७ च्या सुमारास कल्ल्यांमध्ये ऱ्हीसस कुळातली प्रथिनं सापडली. ही अमोनियासाठीची खास दारं आहेत. माणसाचा रक्तगट सांगताना आपण जो आरएच पॉझिटिव्ह किंवा निगेटिव्ह म्हणतो, ती प्रथिनंही याच कुळातली. या दाराशेजारी पेशी प्रोटॉन बाहेर ढकलत असते, आणि कल्ल्यातून निघालेला कार्बन डायऑक्साइडही पाण्यात आम्ल तयार करतो. त्यामुळे कल्ल्याला चिकटलेला पाण्याचा पातळ थर किंचित आम्लधर्मी राहतो. बाहेर आलेल्या अमोनियाला तिथे लगेच प्रोटॉन चिकटतो, त्याचं अमोनियम होतं आणि परतीची वाट बंद होते. ही युक्ती जिथे चालत नाही तिथे काय होतं, ते पुढे येईल.

चक्र जुनं, काम नवं

युरियाचं चक्र, म्हणजे अमोनियापासून युरिया बनवणारी रासायनिक क्रियांची साखळी, हान्स क्रेब्स आणि कुर्ट हेन्सेलाइट यांनी १९३२ मध्ये मांडलं. क्रेब्सच्या नावाने जास्त प्रसिद्ध असलेलं सायट्रिक आम्लाचं चक्र त्यानंतर पाच वर्षांनी आलं. चक्रात पाच विकरं (एन्झाइम) आहेत. पहिलं, कार्बामॉइल फॉस्फेट सिंथेटेज, म्हणजे सीपीएस, तंतुकणिकेत (पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियात) बसून नायट्रोजन आणि बायकार्बोनेट जोडतं. दुसरं तो तुकडा ऑर्निथिनवर चढवून सिट्रुलीन करतं. सिट्रुलीन तंतुकणिकेबाहेर येतं. तिसरं त्याला अॅस्पार्टेट जोडून दुसरा नायट्रोजन आणतं. चौथं त्यातून आर्जिनिन मोकळं करतं. पाचवं, आर्जिनेज, आर्जिनिन तोडून युरिया वेगळा काढतं, आणि ऑर्निथिन पुन्हा सुरुवातीच्या जागी जातं.

यातली पहिली चार विकरं युरियासाठी जन्मलेलीच नाहीत. जिवाणूंमध्येही ती आहेत, आणि तिथे त्यांचं काम आर्जिनिन हे अमिनो आम्ल तयार करणं. आर्जिनेजही स्वतंत्रपणे जुनं आहे, ते आर्जिनिन मोडायला लागतं. बनवणारी आणि मोडणारी साखळी एकाच पेशीत जोराने चालू ठेवली की वर्तुळ पूर्ण होतं आणि मधून युरिया पडत राहतो. म्हणजे युरियाचं चक्र हा नवा शोध नव्हे, दोन जुन्या पायवाटा जोडून झालेला वळसा आहे.

त्यातलं सीपीएस जरा नीट पाहायला हवं, कारण उत्क्रांतीची बहुतेक कथा त्याच्यावर लिहिलेली आहे. जिवाणूंमधल्या सीपीएसला तीन कार्यस्थानं असतात आणि त्यांना जोडणारा जवळपास १०० अँगस्ट्रॉम लांबीचा बोगदा रेणूच्या आतून जातो. पहिल्या स्थानी ग्लुटामीनचा नायट्रोजन कापला जातो आणि अमोनिया होऊन बोगद्यात शिरतो. पुढच्या दोन स्थानांवर एकेक एटीपी खर्च होतो. ही दोन स्थानं एकमेकांची जुळी भावंडं दिसतात, कारण फार पूर्वी एका जनुकखंडाची दुप्पट होऊन ती तयार झाली.

कणाधारी प्राण्यांत सीपीएसचे तीन प्रकार सांगितले जातात. सीपीएस-२ प्रत्येक पेशीत असतं, तंतुकणिकेबाहेर काम करतं आणि डीएनएच्या अक्षरांसाठी लागणारे पिरिमिडीन बनवतं. युरियाशी त्याचा संबंध नाही, पण ते प्रयोगात घोळ घालतं. सीपीएस-१ आपल्या यकृतात आहे. ते मोकळा अमोनिया थेट घेतं. सीपीएस-३ माशांत सापडतं आणि त्याला नायट्रोजन ग्लुटामीनमधून हवा असतो. एक आणि तीन ही नावं ऐकून दोन वेगळी जनुकं वाटतात. ती तशी नाहीत. माशातलं सीपीएस-३ आणि आपलं सीपीएस-१ हे एकाच पूर्वज जनुकाचे वारस आहेत. फरक आहे तो जनुक कुठल्या प्राण्यात आहे आणि त्याचं प्रथिन काय खातं, याचा.

हा बदल कसा झाला असेल? ग्लुटामीन कापणाऱ्या स्थानी तीन अमिनो आम्लांची जोडणी असते: सिस्टीन, हिस्टिडीन आणि ग्लुटामेट. प्रत्यक्ष कापण्याचं काम सिस्टीनचं. माणसाच्या सीपीएस-१ मध्ये त्या जागी सेरीन आहे. डीएनएत प्रत्येक अमिनो आम्लासाठी तीन अक्षरांचा संकेत असतो. सिस्टीनचा एक संकेत टीजीटी आणि सेरीनचा एक संकेत एजीटी. डीएनएतलं एक अक्षर बदललं की कात्री बोथट. पण गोष्ट इतकी सरळ असती तर बेडकाने घोळ घातला नसता. बेडकाचं सीपीएस-१ ग्लुटामीन वापरू शकत नाही, आणि तरीही त्याचं सिस्टीन जागेवर आहे. आजूबाजूची, सिस्टीनला धार देणारी अमिनो आम्लं त्यात बदललेली आहेत. म्हणजे जमिनीवरच्या दोन वंशांत एकच क्षमता वेगवेगळ्या तऱ्हेने मोडली. नुसतं सिस्टीन आहे की नाही पाहून प्रकार ठरवला तर बेडकापाशी हमखास चूक होते.

ग्लुटामीनच्या वाटेने जायला एक एटीपी जास्त लागतो, कारण आधी ग्लुटामीन बनवावं लागतं. युरियाच्या रेणूमागे चारऐवजी पाच. मग माशांनी ही महागडी वाट का धरली? ग्लुटामीन बनवणारं विकर अत्यंत कमी प्रमाणातला अमोनियाही पकडतं. रक्तात अमोनिया वाढूच द्यायचा नसेल, किंवा युरिया करायला नायट्रोजनच कमी पडत असेल, तर ही पकड एका एटीपीच्या किमतीला स्वस्त आहे. शार्कमध्ये नेमकी तीच परिस्थिती असते.

शार्क: कचरा नव्हे, भांडवल

समुद्राच्या पाण्यात विरघळलेल्या कणांची एकूण मात्रा दर लिटरला साधारण १००० मिलिऑस्मोल असते. समुद्रातल्या बहुतेक काटेरी, म्हणजे हाडांचा सांगाडा असलेल्या, माशांचं रक्त त्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास. त्यामुळे त्यांच्या अंगातून पाणी सतत बाहेर झिरपतं, आणि ते समुद्राचं पाणी पिऊन मीठ कल्ल्यांतून परत फेकत राहतात. शार्क, पाकट आणि त्यांच्या कास्थिमत्स्य (कूर्चेचा सांगाडा असलेल्या) भाऊबंदांनी दुसरा उपाय धरला आहे. रक्तात युरिया भरून ते समुद्राशी बरोबरी करतात, उलट किंचित वरच राहतात. त्यांच्या रक्तात लिटरमागे ३५० मिलिमोलच्या आसपास युरिया असतो. माणसात तो २.५ ते ७ असतो.

एवढा युरिया म्हणजे दुसरंच संकट. युरिया प्रथिनांच्या घड्या सैल करतो. प्रयोगशाळेत प्रथिनं उलगडायला मुद्दाम तोच वापरतात. शार्क त्याच्या जोडीला ट्रायमिथाइलअमाइन ऑक्साइड साठवते, जे प्रथिनांच्या घड्या घट्ट धरतं. दोन युरियामागे एक असं साधारण प्रमाण बसतं. शार्क मेली की हा समतोल संपतो, जिवाणू युरिया फोडतात आणि शरीराला अमोनियाचा उग्र वास सुटतो.

युरिया बनवणं जितकं महत्त्वाचं तितकंच तो धरून ठेवणं. त्यासाठी कल्ल्यांच्या पेशींच्या आतल्या बाजूच्या पटलात कोलेस्टेरॉलचं प्रमाण विलक्षण जास्त असतं, त्यामुळे युरिया झिरपायला वाट कमी. मूत्रपिंड गाळलेल्या युरियापैकी ९० टक्क्यांहून जास्त परत ओढून घेतं. तरीही थोडा थोडा निसटतोच, आणि तो भरून काढायला शार्कला प्रथिनं खावी लागतात. शार्कसाठी नायट्रोजन हा टाकाऊ माल नसून खेळतं भांडवल आहे, आणि म्हणून ग्लुटामीनची घट्ट पकड तिला परवडते.

इथे जनुकशास्त्राचा एक सुंदर तपशील आहे. शार्कच्या यकृतात ग्लुटामीन बनवणारं विकर तंतुकणिकेत, सीपीएस-३ च्या शेजारी हवं. मेंदूत मात्र तेच विकर तंतुकणिकेबाहेर हवं. डॉगफिश नावाच्या छोट्या शार्कमध्ये यासाठी दोन जनुकं नाहीत. एकाच जनुकाची प्रत काढल्यावर तिचे तुकडे यकृतात वेगळ्या तऱ्हेने जोडले जातात. जादा राहिलेल्या तुकड्यामुळे प्रथिनाच्या सुरुवातीला तंतुकणिकेचा पत्ता लागतो. पत्ता असेल तर विकर आत जातं, नसेल तर बाहेर राहतं.

ही सोय कायमचीच असते असंही नाही. बुल शार्क नदीत शिरली की तिच्या रक्तातला युरिया बराच कमी होतो. अॅमेझॉनच्या खोऱ्यात लाखो वर्षं राहिलेल्या गोड्या पाण्यातल्या पाकटांच्या रक्तात तर तो लिटरमागे जेमतेम एक मिलिमोल उरला आहे. समुद्राच्या पाण्यात सोडल्यावरही त्यांना तो पुन्हा साठवता येत नाही.

सीलाकांथ आणि एक गैरसमज

२२ डिसेंबर १९३८ रोजी दक्षिण आफ्रिकेतल्या ईस्ट लंडन बंदरात मार्जोरी कोर्टनी-लॅटिमर यांना एक निळसर, मांसल परांचा मासा दिसला. हा सीलाकांथ. मत्स्यतज्ज्ञ जे. एल. बी. स्मिथ यांनी त्याला लॅटिमेरिया हे नाव दिलं. या कुळाचे शेवटचे ज्ञात जीवाश्म डायनासोरांच्या काळातले होते, त्यामुळे तो 'जिवंत जीवाश्म' म्हणून गाजला. मांसल परांमुळे तो चतुष्पादांचा (बेडकापासून माणसापर्यंत चार अवयवांच्या कणाधाऱ्यांचा) जवळचा नातेवाईक, आणि म्हणून त्याचं शरीरक्रियाशास्त्र आपल्याकडे झुकलेलं असणार अशी अपेक्षा होती.

१९६७ मध्ये त्याच्या रक्तातला युरिया आणि यकृतातली विकरं मोजली गेली, आणि चित्र निघालं शार्कचं. युरिया ३५० मिलिमोलहून जास्त, जोडीला ट्रायमिथाइलअमाइन ऑक्साइड, यकृतात चक्राची विकरं. मीठ बाहेर टाकायला शार्कसारखी ग्रंथीसुद्धा. हा मासा युरिया साठवतो तो समुद्रात सुकून जाऊ नये म्हणून. त्याचा जमिनीशी काही संबंध नाही.

शार्क आणि सीलाकांथ या दोन वंशांचा समान पूर्वज ४२ कोटी वर्षांहून जुना आहे. युरिया साठवण्याची सवय दोघांना त्याच्याकडूनच मिळाली, की दोघांनी आपापली लावून घेतली? चक्राची जनुकं समाईक वारशातली आहेत, यात शंका नाही. साठवण्याच्या सवयीबद्दल मला वेगवेगळ्या उगमाकडे झुकावंसं वाटतं, कारण एक अट दोघांत समान आहे: शरीरात होणारं फलन आणि सुरक्षित वाढणारी मोठी अंडी किंवा पिल्लं. सीलाकांथ पिल्लांना जन्म देतो. उघड्यावर लाखो बारीक अंडी सोडणाऱ्या माशाला अंड्यात युरिया धरून ठेवणं जमणार नाही. ज्याच्याकडे ही सोय, त्यालाच हा मार्ग खुला.

फुप्फुसमासा: खरा दुवा

युरिया केवळ अमोनियापासून सुटका म्हणून करणारा प्राचीन मासा पाहायचा तर तो आफ्रिकेतला फुप्फुसमासा, प्रोटॉप्टेरस. पाणी असेल तोवर तो बराचसा नायट्रोजन अमोनिया म्हणूनच टाकतो. तळं आटलं की चिखलात बीळ करतो, अंगाभोवती श्लेष्माचं आवरण सुकवून कोश करतो आणि तोंडापाशी हवेसाठी एक छिद्र ठेवतो. होमर स्मिथ यांनी १९३० मध्ये या माशाच्या चयापचयाचा अभ्यास प्रसिद्ध केला: सुप्तावस्थेत लघवी जवळपास थांबते, प्रथिनं जळत राहतात आणि युरिया अंगात साठत जातो. पाऊस आला, कोश भिजला की साठलेला युरिया बाहेर जातो. हे महिनोन्‌महिने चालतं.

इथे दोन गोष्टी एकदम घडतात, आणि दुसरी अनेकदा विसरली जाते. एक, युरियाचं उत्पादन. दुसरी, चयापचयच मंद होतो आणि अमोनिया मुळात कमी तयार होतो. कचरा उचलण्याइतकंच तो कमी करणंही महत्त्वाचं. ऑस्ट्रेलियातला फुप्फुसमासा असा कोशात झोपत नाही, आणि त्याच्या यकृतातलं युरियाचं चक्र फारच मंद आहे. जनुकं नात्याने मिळतात, पण त्यांचा वेग राहणीमान ठरवतं.

फुप्फुसमाशाकडे सीपीएस कुठलं? १९८९ मध्ये मांडली गेलेली समजूत अशी: शार्क आणि सीलाकांथकडे ३, फुप्फुसमासा आणि चतुष्पादांकडे १. फार सुबक मांडणी होती. पुढे आफ्रिकन फुप्फुसमाशाच्या यकृतात सीपीएस-३ सापडलं, जनुकाचा क्रमही वाचला गेला, आणि मांडणी मोडली. अमोनिया थेट घेण्याचा बदल फुप्फुसमाशांपासून फाटा फुटल्यानंतर, चतुष्पादांच्या फांदीवर झाला असं म्हणणं आता जास्त सयुक्तिक आहे.

या फांदीवरची नैसर्गिक निवडीची खूण २०१३ मध्ये सीलाकांथचा जीनोम, म्हणजे सगळा डीएनए, वाचल्यावर ठळक झाली. खरं तर फुप्फुसमासा जास्त उपयोगी पडला असता. चतुष्पादांचा सर्वांत जवळचा जिवंत मासा तोच, हे त्याच अभ्यासात दिसलं. पण ऑस्ट्रेलियन फुप्फुसमाशाचा जीनोम ४३ अब्ज अक्षरांचा, माणसाच्या सुमारे चौदापट. तो २०२१ मध्ये वाचून झाला. सीलाकांथचा ३ अब्जांच्या आत आहे.

खूण कशी शोधतात? डीएनएतल्या काही बदलांनी प्रथिन बदलत नाही. टीजीटीचं टीजीसी झालं तरी सिस्टीनच राहतं. असे मुके बदल काळाबरोबर साचत जातात आणि घड्याळासारखे वापरता येतात. प्रथिन बदलणारे बदल बहुधा घातक असल्याने निवडीत गळून जातात, म्हणून त्यांचा दर मुक्या बदलांपेक्षा पुष्कळ कमी असतो. एखाद्या फांदीवर, प्रथिनाच्या काही जागांवर तो दर उलट जास्त दिसला, तर निवडीने तिथे बदल उचलून धरले असा अर्थ काढतात. सीपीएस-१ च्या जनुकात अशी खूण दोन फांद्यांवर मिळाली: एक चतुष्पादांकडे जाणारी, दुसरी कवचाची अंडी घालणारे आणि सस्तन प्राणी यांच्याकडे जाणारी.

दुसरा बदल चक्राच्या शेवटच्या टोकाला आहे. माशांत आर्जिनेज-२ असतं आणि ते तंतुकणिकेत राहतं. चतुष्पादांत जनुकाची दुप्पट होऊन आर्जिनेज-१ आलं, जे यकृतपेशीत तंतुकणिकेबाहेर काम करतं. आर्जिनिन तिथेच, बाहेर तयार होतं. कापणारं विकर तिथेच असेल तर आर्जिनिनची तंतुकणिकेत ने-आण टळते. जमिनीने यंत्रणा दिली नाही. तिची दोन टोकं, घेण्याचं आणि सोडण्याचं, नव्याने घासूनपुसून दिली.

जनुक आहे, पण बंद

आजच्या बहुसंख्य काटेरी माशांत युरियाचं चक्र जवळजवळ दिसत नाही, म्हणून ते जनुकच हरवलं असं पूर्वी मानत. रेनबो ट्राउटच्या भ्रूणांनी ते खोटं ठरवलं. अंड्याच्या आवरणात पाणी खेळत नाही, कल्ले तयार नसतात, आणि बलकातली प्रथिनं जळत असतात. त्या काळात सीपीएस-३ आणि चक्राची बाकीची विकरं चालू असतात. पिल्लू बाहेर पडून कल्ले चालू झाले की ती मंदावतात. प्रौढ मासा जनुक जपून ठेवतो ते स्वतःसाठी नाही, पुढच्या पिढीच्या अंड्यांसाठी.

आणि गरज पडलीच तर ते प्रौढपणीही चालू होतं. केनियातल्या मगादी सरोवराचा सामू १० च्या आसपास. मघाशी पाहिलेली कल्ल्यांची आम्लयुक्ती तिथे निरुपयोगी आहे, कारण बाहेर आलेल्या अमोनियाला प्रोटॉन मिळतच नाही. तिथल्या छोट्या तिलापियाने नायट्रोजन युरियाच्याच रूपात टाकायचा मार्ग धरला, हे १९८९ मध्ये दाखवलं गेलं. त्याच्यात हे चक्र यकृतापुरतं न राहता स्नायूंतही चालतं. अटलांटिकच्या काठचा गल्फ टोडफिश अडचणीत आला की युरिया साठवतो आणि दिवसातून एकदोनदा कल्ल्यांतून एकदम सोडतो, कारण तिथला युरियाचा वाहक त्या वेळेपुरताच उघडतो.

माशात युरिया दिसला म्हणजे चक्र चालू आहे, असं मात्र समजू नये. अन्नातलं आर्जिनिन आर्जिनेजने तोडूनही तो मिळतो. डीएनएच्या अक्षरांतली प्युरिनं मोडताना युरिक आम्ल, अॅलँटॉइन, अॅलँटॉइक आम्ल अशा पायऱ्या उतरूनही माशात शेवटी युरिया येतो. माणसात ही उतरंड पहिल्याच पायरीला थांबते, कारण युरिक आम्ल मोडणारं जनुक आपल्या वंशात मोडलं आहे. त्याचीच शिक्षा म्हणजे गाउट हा सांधेदुखीचा आजार.

विकर ओळखायचं कसं

सीपीएस कुठल्या प्रकारचं ते ठरवायचं तर यकृत ताजं हवं, आणि सगळं काम बर्फावर. ऊतक वाटून घ्यायचं, सेंट्रिफ्यूजमध्ये वेगाने फिरवून तंतुकणिका वेगळ्या काढायच्या, आणि किरणोत्सारी कार्बनचं बायकार्बोनेट घालून नव्याने किती संयुग बनलं ते मोजायचं. तयार झालेलं कार्बामॉइल फॉस्फेट चटकन मोडतं, म्हणून ऑर्निथिन आणि पुढचं विकर भरपूर घालून त्याचं लगेच सिट्रुलीन करून टाकतात. मग नळ्या लावायच्या. एका नळीत नुसतं ग्लुटामीन. दुसरीत ग्लुटामीन आणि एन-अॅसिटिलग्लुटामेट, जे १ आणि ३ दोघांनाही चालू करतं. तिसरीत त्या दोन्हींबरोबर युटीपी, जे फक्त २ ला अडवतं. चौथीत ग्लुटामीनऐवजी अमोनियम, बाकी तिसरीसारखं. तिसऱ्या नळीत क्रिया टिकली तर सीपीएस-३. तिसरी शांत आणि चौथी जोरात, तर सीपीएस-१. पहिलीतली क्रिया युटीपीने विझली तर ती सीपीएस-२ ची भेसळ.

बहुतेक चुका दोन ठिकाणी होतात. सीपीएस-३ अमोनियावरही थोडं चालतं, त्यामुळे फक्त चौथी नळी पाहून निष्कर्ष काढला की ३ ला १ समजलं जातं. आणि ऊतक फार दिवस गोठवलेलं असेल तर विकराची क्रिया घटलेली असते. मोजलेला आकडा तेव्हा खऱ्या क्षमतेची खालची मर्यादा एवढंच सांगतो, आणि 'क्रिया नाही' म्हणजे 'जनुक नाही' हे तर कधीच नाही. दुर्मिळ, गोठवून आणलेल्या प्राचीन माशांबाबत हे मुद्दाम लक्षात ठेवावं लागतं. म्हणून विकराची क्रिया, जनुकाचा क्रम आणि त्या अवयवात त्याची प्रत निघते आहे का, या तिन्ही गोष्टी एकत्र पाहतात.

माणसाच्या सीपीएस-१ मध्ये १५०० अमिनो आम्लं असतात. पहिली ३८ तंतुकणिकेचा पत्ता दाखवतात आणि आत गेल्यावर कापली जातात. त्यानंतरचा जवळपास चतुर्थांश भाग म्हणजे माशाकडून आलेली, ग्लुटामीन कापणारी ती जुनी कात्री. ती आता काहीही कापत नाही. पण तिच्यातल्या काही चुकांमुळेही विकर अस्थिर होतं, आणि अशी चूक घेऊन जन्मलेल्या बाळाच्या रक्तात अमोनिया वाढू लागतो.